रविवारची महालक्ष्मी: सात रेस, त्यातल्या खेळायच्या किती?

पेन्सिलवाला | शुक्रवार, रात्री १०.४०

मंडळी, महालक्ष्मी रेसकोर्सचं रविवारचं कार्ड (कुठल्या रेसला कुठले घोडे, ती यादी) हातात आलं, जेवणं झाली, बायको मालिका बघतेय तोवर बसून सातही रेस दोनदा वाचून काढल्या, म्हटलं इथे टाकतो. आधीच सांगतो, घोड्यांची नावं लिहिणार नाही, फक्त रेस नंबर आणि घोडा नंबर. मागच्या वेळी नावावरून कोणाच्या तरी नातेवाइकाने इथे येऊन जो तमाशा केला तो सगळ्यांना आठवत असेल. ज्याला बघायचंय त्याने कार्ड उघडून नंबर जुळवावा.

ग्राउंड पक्कं आहे, फॉल्स रेल लावलेली आहे, म्हणजे आतल्या बाजूची रोज तुडवली जाणारी पट्टी झाकलेली. माझं निरीक्षण असं की अशा दिवशी पुढे पळणारा घोडा सहज मागे येत नाही. निरीक्षण म्हणतोय, नियम नाही, उगाच कोणी पकडू नका.

पहिली रेस, १००० मीटर, सगळे कोवळे, अर्धे तर आयुष्यात पहिल्यांदा गेटमध्ये उभे राहणार. सोडा. पॅडॉकला (रेसआधी घोडे फिरवून दाखवतात ते रिंगण) बघायला मजा येईल एवढंच. दुसरी क्लास फाइव्ह, म्हणजे सगळ्यात खालचा वर्ग, १४०० मीटर, अकरा घोडे आणि अकराही जण कसं हरायचं यात तरबेज. सोडा.

तिसरी मात्र माझी रेस. १२०० मीटर, क्लास थ्री, म्हणजे ४० ते ६६ रेटिंगवाले (रेटिंग म्हणजे घोड्याच्या कुवतीचा आकडा, जास्त तितका चांगला आणि तितकं पाठीवर वजन जास्त), नऊ घोडे. माझा नंबर ५. याच्याकडे बहुतेकांचं लक्ष जाणार नाही कारण रेसच्या पुस्तकात मागच्या तीन रेसला नववा, सातवा, आठवा असं दिसतंय, आणि पाठीवरचं वजन ४९.५ वरून एकदम ५८. लोक म्हणणार साडेआठ किलो वाढलं, मेला. पण थांबा. याचं रेटिंग ६२. क्लास टू ६० ते ८६ चा असतो, तिथे हा शेपटाला होता म्हणून हलका होता. आता क्लास थ्रीमध्ये आला तर हाच वरच्या फळीतला, म्हणून जड. रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो, त्यामुळे वजन वाढलं म्हणजे घोड्यावर अन्याय झाला असं नसतं, समोरची गँग तेवढी कच्ची झालेली असते. शिवाय मागच्या दोन रेस १६०० च्या, दोन्हींत १२०० पर्यंत हा पुढे होता आणि शेवटी पाय गळाले. आता रेसच १२०० ची. ड्रॉ, म्हणजे गेटमधली जागा, दोन. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाकीच्या आठ जणांचं मागचं सगळं वाचलं, पुढे पळायची सवय एकालाही नाही. एकटा पुढे सुटलेला घोडा फार वाईट असतो, मागच्यांसाठी.

चौथी, १६००, क्लास फोर, बारा घोडे. इथे ८ नंबर. मागच्या वेळी तिसरा आला पण व्हिडिओ बघा, वळणावर सगळ्यात बाहेरून आला, म्हणजे बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त पळाला, आणि तरी शेवटच्या दोनशेत तोच सगळ्यात जोरात होता. वर ॲप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ जॉकी पोरगा आहे, त्याला मिळणाऱ्या सवलतीमुळे वजन आणखी कमी. भीती एकच, बारा घोड्यांच्या गर्दीत मागून येणाऱ्याला वाट मिळाली पाहिजे. २ नंबर धोका.

पाचवी मोठी रेस, क्लास वन, २००० मीटर, सहाच घोडे. १ नंबर फेव्हरिट आणि तोच सगळ्यात चांगला, याबद्दल वाद नाही. पण सहात पुढे पळणारा कोण? मला तर दिसत नाही. सगळे एकमेकांकडे बघत रमतगमत जाणार आणि शेवटच्या सहाशेत पळापळ. अशा रेसमध्ये चांगला घोडा हरतो. बघणार, खेळणार नाही.

सहावी, सातवी: कागदावर काहीच धड दिसत नाही. सोडा.

म्हणजे सातातल्या दोन.

शिवडीकर | शुक्रवार, रात्री ११.०५

काका मी अजून एकदाही रेसकोर्सला गेलो नाही, ट्रेनमधून बघतो फक्त. एक बेसिक शंका, हसू नका. सातातल्या दोनच खेळायच्या तर मग दिवसभर तिथे जायचं कशाला?

पेन्सिलवाला | शुक्रवार, रात्री ११.१२

हसत नाही राव, हीच शंका मला वीस वर्षांनी पडली, तुम्हाला पहिल्याच दिवशी पडली.

आकडेमोड | शुक्रवार, रात्री ११.३०

शिवडीकर, उत्तर गणितात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेसच्या बेटिंगवर ४० टक्के जीएसटी आहे, आधी २८ होता. आणि तो जिंकलेल्या पैशावर नाही, लावलेल्या पूर्ण पैशावर. समजा १०० चा खेळ आणि वर ४० धरले, म्हणजे खिशातून गेले १४०. आता बघा:

लेव्हलचा घोडा, म्हणजे रुपयाला रुपया. जिंकला तर २०० येतात, हातात उरले ६०. यात निव्वळ बरोबरीत सुटायला तो घोडा शंभरात सत्तर वेळा जिंकायला हवा. लेव्हलचा घोडा सत्तर वेळा जिंकत असता तर तो लेव्हलला मिळालाच नसता.

चारचा भाव, म्हणजे रुपयाला चार. जिंकला तर ५०० येतात. साधारण साडेतीनात एकदा तरी जिंकायला हवा. हे कधीकधी सापडतं.

आणि काकांचा पाचव्या रेसचा फेव्हरिट समजा साठ पैशांना, म्हणजे रुपयाला साठ पैसे, मिळाला. जिंकला तरी १६० येणार, खिशातून १४० गेलेले, कमाई वीस रुपये. हरला तर १४० पाण्यात. वीस रुपयांसाठी कोणी ही उडी मारेल का?

म्हणून प्रश्न नेहमी "कोण जिंकेल" एवढाच नसतो, "या भावात परवडतो का" हा खरा. आणि एका तिकिटावर १०,००० च्या वर जिंकलात तर ३० टक्के टीडीएस वेगळा, ते दुःख आपल्यापैकी कोणाला होणार नाही म्हणा.

नाना_विलेपार्ले | शनिवार, सकाळी ७.५०

सगळं पटलं पण हा जुगारच ना शेवटी? एवढी अक्कल एसआयपीत लावा.

पेन्सिलवाला | शनिवार, सकाळी ८.१५

नाना, दर धाग्याला एक नाना येतोच :) सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलंय. आता माझ्यात ते कौशल्य आहे असं कोर्टाने कुठेही म्हटलेलं नाही, हे मान्य.

मोतद्दाराचा_भाचा | शनिवार, सकाळी ९.३०

काका पुस्तक बरोबर वाचलंत, पण एक सांगतो, पॅडॉक बघितल्याशिवाय पैसे टाकू नका. माझा मामा तीस वर्षं मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा) होता, लहानपणी पुण्याच्या सीझनला त्याच्याकडे राहायला जायचो. तो सांगायचा घोड्याच्या तोंडाकडे बघू नको, मागून बघ. मागच्या मांड्यांच्या मध्ये पांढरा फेस आला असेल तर त्याची रेस तबेल्यातच पळून झाली. मानेला थोडा घाम चालतो, गरमीचा असतो. पोट ओढलेलं दिसतंय का, बरगड्यांवर दोन रेषा दिसतात का (तयार घोड्याच्या दिसतात), आणि चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेच्या पुढे पडतो का. मामाची खूण अजून वेगळी होती. तो घोड्याकडे बघायचाच नाही, दोर धरलेल्या माणसाच्या हाताकडे बघायचा. दोर सैल आणि घोडा आपणहून चालतोय तर चांगलं. मोतद्दार दोन्ही हातांनी लोंबकळतोय तर घोडा डोक्यात गेलाय.

आणि पहिल्यांदा धावणाऱ्यांच्या रेसमध्ये तर पुस्तक कोरंच असतं, तिथे पॅडॉकशिवाय काय आहे?

शिवडीकर | शनिवार, सकाळी ९.४१

हे भारी आहे. दोर बघायचा.

खबऱ्या_नं_१ | शनिवार, दुपारी १२.२०

सगळे पुस्तकी पंडित जमलेत. पेन्सिल घासून कोणी जिंकत नाही, खबर लागते खबर. सातवी रेस ९ नंबर. पक्की. तबेल्यातून आहे. उद्या भाव तुटताना (पैसे पडून कमी होताना) बघा मग कळेल.

पेन्सिलवाला | शनिवार, दुपारी १२.५५

खबऱ्याभाऊ, तुमच्याबद्दल आदर आहे पण खबरीचं गणित मला आजवर उमगलेलं नाही. ज्याला तबेल्यातलं खरंच ठाऊक आहे तो गुपचूप खेळेल की भाव तुटावा म्हणून गावभर सांगत सुटेल? आणि तबेल्यातल्या माणसाला त्याचा स्वतःचा घोडा माहीत असतो, बाकीचे बारा कुठे माहीत असतात? सकाळच्या कामात उडत असेल बिचारा, पण शेजारच्या तबेल्यातला त्याच्याहून जास्त उडत असेल तर?

भाव तुटतो त्याकडे मीही बघतो, नाही असं नाही. पण भाव तुटल्यावर त्या घोड्याच्या मागे धावणं म्हणजे गाडी सुटल्यावर प्लॅटफॉर्मवर पळणं.

खबऱ्या_नं_१ | शनिवार, दुपारी १.०२

उद्या साडेपाचला बोलू.

शुभांगी_पुणे | शनिवार, दुपारी ३.१५

मी रेस खेळत नाही, कधी खेळले नाही, तरी धागा शेवटपर्यंत वाचला. माझे बाबा लालबागच्या एका मिलमध्ये क्लार्क होते. आमच्याकडे रेस हा शब्द उच्चारायचा नाही असा आईचा दंडक, त्यामुळे बाबांचं कोलचं पुस्तक, म्हणजे रेसचं पुस्तक, तांदळाच्या डब्याखाली असायचं आणि आईला ते तिथे असतं हे ठाऊक होतं आणि आईला ठाऊक आहे हे बाबांना ठाऊक होतं. असं वर्षानुवर्षं चाललं.

ते गेल्यावर डबा हलवला तर खाली चार-पाच पुस्तकं निघाली, पिवळी पडलेली, कडेला वाळवीने खाल्लेली. म्हटलं बघू काय खेळायचे. तर पेन्सिलीने बारीक अक्षरात पानोपानी एकच शब्द, नको. नको. नको. एखाद्या पानावर नंबरभोवती गोल आणि खाली आकडा, पाच रुपये, दहा रुपये. शेवटच्या पानावर परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे लिहिलेले. मला वाटायचं बाबा सगळं उधळून यायचे. अर्थात एका दिवाळीचा बोनस गेला होता तो गेलाच होता, तेव्हा आईने दोन दिवस चूल पेटवली नव्हती. त्या आठवड्याचं पुस्तक काही त्या डब्याखाली सापडलं नाही.

पेन्सिलवाला | शनिवार, दुपारी ३.४०

ताई, काय लिहिलंत. माझ्या आयडीचं सार्थक झालं. ते गायब पुस्तक प्रत्येकाच्या घरात असतं हो.

कॉलफिल्डकर | शनिवार, संध्या. ५.१०

मेलबर्नहून रामराम. इथे कॉलफिल्डच्या रेसकोर्सपासून दोन स्टेशनं लांब राहतो. महालक्ष्मीचा कोर्स कॉलफिल्डच्या धर्तीवर बांधलाय हे मला इथे येऊन कळलं, आणि लहानपणी वरळीला राहून एकदाही आत गेलो नव्हतो. इथली माणसं वेगाचा नकाशा काढतात, म्हणजे गेट उघडल्यावर कोण पुढे, कोण मध्ये, कोण मागे, हे आधी कागदावर मांडतात आणि मगच घोडा निवडतात. पेन्सिलवाले काकांनी तिसऱ्या आणि पाचव्या रेसला तेच केलंय. पाचव्यात सहा जणांत पुढे जाणारा नाही म्हणताय, मग जो जॉकी धाडस करून पुढे काढेल त्याला रेस फुकट मिळेल की. ३ नंबरवाला याआधी एकदा तसा पळालाय, मी जुना व्हिडिओ बघितला.

पेन्सिलवाला | शनिवार, संध्या. ५.३५

मुद्दा एकदम बरोबर. भाव किती येतो बघतो. पण ठरवलंय ना की बघणार, खेळणार नाही.

नेहा_ठाणे | शनिवार, रात्री ९.००

घोडी विरुद्ध घोडा असं असेल तर काय करायचं? पाचव्यात एक घोडी आहे म्हणून विचारतेय. बायकांची बाजू घ्यायला नको का :)

आकडेमोड | शनिवार, रात्री ९.२५

घ्या की. १९४३ ला पहिली इंडियन डर्बी जिंकली ती घोडीच, प्रिन्सेस ब्युटिफुल, बडोद्याच्या महाराजांची. डर्बीत घोड्यांना ५७ किलो आणि घोड्यांपेक्षा घोडीला दीड किलो कमी असतं. हँडिकॅप रेसमध्ये, म्हणजे रेटिंगप्रमाणे वजन ठरतं तिथे, मात्र रेटिंगमध्येच सगळं आलेलं असतं, वेगळी सूट शोधायची नाही. पाचव्यातली घोडी मला २००० ला थोडी कमी वाटते, पण ते तिच्या घोडी असण्यामुळे नाही.

शिवडीकर | रविवार, सकाळी १०.१५

मी आज जातोय! सेकंड एन्क्लोजर. काकांनी सांगितलेल्या दोन. आणि थोडा जॅकपॉट पण मारावा म्हणतो?

आकडेमोड | रविवार, सकाळी १०.३०

जॅकपॉट म्हणजे लागोपाठच्या पाच रेसचे पाच विजेते. तिसरीत एक, चौथीत तीन, पाचवीत दोन, सहावीत चार, सातवीत पाच घोडे धरलेत तर गुणाकार १२०. तिकीट दहाचं धरलं तरी १,२०० आणि वर जीएसटी ४८०. "थोडा" जॅकपॉट असं काही नसतं. पहिल्याच दिवशी नको.

मोतद्दाराचा_भाचा | रविवार, दुपारी ३.२०

लाइव्ह अपडेट: तिसऱ्याचा ५ नंबर पॅडॉकला मस्त, दोर सैल, कान पुढे. भाव चारने उघडला होता, आता तीन.

शिवडीकर | रविवार, दुपारी ३.३८

आला आला आला!!! ५ नंबर!!! गेटमधून सुटला तो थेट वळणावर चार लेंग्थ (घोड्याची लांबी) पुढे, स्ट्रेटला (शेवटच्या सरळ पट्ट्यात) मागचे जवळ आले तेव्हा माझा जीव गेला, पण दोन लेंग्थने जिंकला. शेजारचे आजोबा मला मिठी मारून रडले, त्यांनी ५ खेळलाच नव्हता, कशाला रडले माहीत नाही.

पेन्सिलवाला | रविवार, रात्री ८.५०

घरी आलो, आंघोळ केली, आता हिशेब. लपवत नाही काही.

तिसरी: ५ नंबर तीनच्या भावात मिळाला, १०० लावले. ४०० आले, १४० गेलेले, हातात २६०. शेवटी भाव अडीच झाला होता.

चौथी: ८ नंबर, १०० लावले. मानेएवढ्या अंतराने हरला. तीनशे मीटरवर समोर दोन घोड्यांची भिंत, पोराने आत बघितलं, वाट नाही, मग बाहेर काढला तोवर २ नंबर निघून गेलेला. विनिंग पोस्टनंतर दहा पावलांत ८ नंबर पुढे होता, पण पैसे पोस्टवर मिळतात. पोराला दोष नाही, गर्दीची भीती मी स्वतःच लिहिली होती. गेले १४०.

पाचवी: कॉलफिल्डकर, तुमचे पाय कुठे आहेत. ३ नंबर पुढे काढला, दोन हजारपैकी चौदाशे मीटर जणू बागेत फिरायला आलाय अशा थाटात पळवला आणि स्ट्रेटला कोणाला हात लावू दिला नाही. १ नंबर दुसरा. भाव सहाचा होता. मी बघितलं. फक्त बघितलं.

आणि आता लाजेची गोष्ट. पाचवी अशी हातची गेल्यावर डोकं सरकलं. दुपारी उन्हात बसलेलो, खिशात १२० वर होते, आणि सहाव्या रेसला, जिथे मी स्वतः शुक्रवारी "सोडा" लिहिलं होतं, तिथे एका घोड्याचा चकाकता रंग बघून २०० लावून बसलो. का, विचारू नका. नववा आला. गेले २८०. म्हणजे दिवसाचे वजा १६०, ट्रेन आणि दोन वडापाव वेगळे. घोडे बरोबर निवडले होते, रेस चुकीची निवडली.

शुभांगी_पुणे | रविवार, रात्री ९.०५

पेन्सिल बरोबर नेली नव्हती का?

पेन्सिलवाला | रविवार, रात्री ९.०७

होती हो ताई. कानावरच होती.

खबऱ्या_नं_१ | रविवार, रात्री ९.१५

सातवी रेस कोणी बघितली का? ९ नंबर. पाचचा भाव. मी काही बोलत नाही.

पेन्सिलवाला | रविवार, रात्री ९.२०

बघितली. जिंकला, तोही आरामात. भाऊ, हात जोडले, पेढे माझ्याकडून.

मोतद्दाराचा_भाचा | रविवार, रात्री ९.३१

खबऱ्याभाऊ, पेढे घ्या पण व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी तुम्हीच दुसरीचा ४, चौथीचा ११ आणि सहावीचा १ नंबर पण "पक्की, तबेल्यातून" म्हणून टाकले होते ना? ते कुठवर आले?

खबऱ्या_नं_१ | रविवार, रात्री ९.४४

ते अजून पळतायत.

शिवडीकर | रविवार, रात्री ९.५२

काका, पुढचं कार्ड कधी येतं? आणि पॅडॉकला नीट दिसायला किती आधी जाऊन उभं राहायचं?